घरच्या टाकीत क्लाउनफिशची पिल्लं वाढवायची आहेत? मग हे वाचा

'फाइंडिंग नीमो' २००३ साली आला आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश सगळ्यांच्या ओळखीचा झाला. हा मासा घरच्या टाकीत अंडी घालतो का? घालतो. अंडी मिळणं तसं सोपं आहे, पिल्लं जगवणं हे खरं काम.

आधी जोडी. क्लाउनफिश जन्मतः सगळे नर असतात. गटातला सर्वात मोठा, दादागिरी करणारा मासा मादी होतो आणि त्याच्या खालचा प्रजननक्षम नर. मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही. (या हिशोबाने आई गेल्यावर नीमोचा बाबा मादी व्हायला हवा होता, पण तो पिक्चर वेगळाच झाला असता.) म्हणून दुकानदाराकडे नर-मादी मागत बसू नका. ऑसेलारिस जातीची दोन लहान-मोठी पिल्लं घ्या, बाकी ती आपसात ठरवतात. फक्त हॅचरीत जन्मलेलीच घ्या. समुद्रातून पकडलेला मासा आधीच दमलेला असतो आणि प्रवाळातून एक जीव कमी होतो तो वेगळाच. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाचं तंत्र विकसित केलंय, आणि नवी मुंबईत ऐरोलीलाही हॅचरी आहे. समुद्रफूल, म्हणजे सी ॲनिमोन, टाकीत नसलं तरी अडत नाही.

पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मरीन सॉल्ट लागतं, म्हणजे १०० लिटरला साडेतीन किलो. स्वयंपाकाचं मीठ अजिबात नाही. किचनमधल्या प्युरिफायरचं पाणीही थेट वापरू नका, त्यात बऱ्याचदा चवीसाठी खनिजं ठेवलेली असतात. टीडीएस मीटर शून्याजवळ दाखवेल असं आरओ-डीआय पाणी हवं. आणि लक्षात ठेवा, पाणी उडतं, मीठ उडत नाही. पातळी खाली गेली की साधं आरओ पाणीच घाला, खारं नाही. तापमान २६ ते २८ अंश. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला नव्या टाकीला चार-सहा आठवडे लागतात, तोवर मासे आणू नका.

जोडी जमायला कधीकधी वर्षभर जातं. मग एक दिवस दोघं मिळून एखादी टाइल किंवा मातीची कुंडी तोंडाने घासून साफ करू लागतात. त्यावर काही शे नारिंगी अंडी येतात. बाबा कल्ल्यांनी... नाही, परांनी वारा घालत, मेलेली अंडी वेचत राखण करतो. फोनच्या मॅक्रो मोडने रोज फोटो काढा: नारिंगी रंग गडद होत जातो आणि शेवटी चंदेरी डोळे दिसतात. साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी, दिवे गेल्यावर तासा-दोन तासांत अंडी फुटतात.

त्याच संध्याकाळी टाइल वेगळ्या टाकीत हलवा. पाणी मोठ्या टाकीतलंच. बाबाच्या जागी एअर स्टोनचे बुडबुडे अंड्यांजवळून जाऊ द्या. बाजूच्या काचांना बाहेरून काळा कागद लावा, नाहीतर पिल्लं चमकणाऱ्या काचेकडे जाऊन आपटत राहतात.

आता खरी परीक्षा. पिल्लं जेमतेम चार मिलिमीटरची. पहिले काही दिवस त्यांना जिवंत रोटिफर लागतात. हे सूक्ष्म जीव एक-दोन दशांश मिलिमीटरचे असतात. पावडर फूड त्यांना दिसतं, पण हलत नाही म्हणून ती खात नाहीत. त्यामुळे अंडी येण्याआधीच बादलीत रोटिफर आणि त्यांच्यासाठी नॅनोक्लोरोप्सिस हे हिरवं शेवाळ वाढवून ठेवा. पिल्लांच्या पाण्यातही थोडं हिरवं पाणी घाला: रोटिफरना खाणं मिळतं आणि प्रकाश सौम्य होतो. पाचव्या-सहाव्या दिवसापासून ताजे फुटलेले आर्टेमिया द्यायला लागा. रोज अमोनिया तपासा, तळ हलक्या हाताने सायफन करा. दहाव्या दिवसाच्या आसपास पिल्लं तळाकडे येतात आणि डोक्यामागे पहिला पट्टा उमटतो. इथवर आलेली बहुतेक पिल्लं पुढे तगतात.

स्मार्ट प्लगबद्दल माझं मत: सेन्सर फक्त अलर्टसाठी वापरा. हीटर वाय-फायच्या भरवशावर सोडू नका, थर्मोस्टॅट हीटरचाच असू द्या. आणि लाईट गेली की हीटरबरोबर हवाही बंद पडते, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच.

एकदा सुरू झालेली जोडी साधारण दर दोन-तीन आठवड्यांनी अंडी घालते. पिल्लं दुसऱ्याच्या टाकीत जाण्याजोगी व्हायला तीन-चार महिने लागतात. म्हणजे पहिली बॅच द्यायच्या आत पुढच्या चार-पाच बॅच रांगेत. प्रत्येक बॅच वाढवायलाच हवी असं नाही. कोण किती पिल्लं घेणार, हे जवळच्या मरीन दुकानात पहिली टाइल हलवण्याआधीच विचारून ठेवा.