चुकीच्या भुकटीपासून पॅरासिटामॉलपर्यंत

घरांतील औषधांच्या पेटींत दुसरें कांहीं असो वा नसो, पॅरासिटामॉलची पांढरी गोळी बहुधा असतेच. अंग तापलें किंवा डोकें दुखूं लागलें कीं हात प्रथम तिकडेच जातो. इतक्या परिचयाच्या ह्या औषधाला शोध लागल्यापासून घराघरांत शिरण्यास पाऊणशें वर्षें लागलीं, आणि त्या अवधींत त्याचीं दोन घातक भावंडें सुखानें विकलीं जात होतीं, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या कानावर नसते.

१८८६ सालीं, तेव्हां जर्मन साम्राज्यांत असलेल्या स्ट्रासबुर्ग शहरीं, कान आणि हेप हे दोन डॉक्टर कुसमाउल ह्या नामांकित वैद्यांच्या रुग्णालयांत काम करीत होते. जंतांवर नॅफ्थॅलीन, म्हणजे कपड्यांत ठेवावयाच्या डांबरगोळ्यांचेंच द्रव्य, देऊन पाहावें असा त्यांचा बेत होता. एका रोग्याचा ताप त्यानें अनपेक्षितपणें उतरला. नॅफ्थॅलीनचा दर्प लपणारा नव्हे. ह्या भुकटीला तर वासच नव्हता! पृथक्करणानंतर उलगडा झाला. औषधालयांतून चुकून अ‍ॅसिटॅनिलाइड हें निराळेंच द्रव्य आलें होतें. लवकरच तें ‘अँटिफेब्रिन’ ह्या नांवानें बाजारांत आलें. पण त्यानें कित्येकांचे ओठ व नखें निळीं पडत, कारण रक्तांतील प्राणवायु वाहून नेणारें द्रव्यच बिघडत असे. १८८७ मध्यें बायर कारखान्यानें रंगनिर्मितींत उरणाऱ्या टाकाऊ द्रव्यापासून फेनासेटिन बनविलें. तें अधिक सौम्य वाटलें आणि त्याचा खप वाढला.

पॅरासिटामॉल ह्या दोहोंच्याही आधीं, १८७८ सालीं, अमेरिकेंतील मॉर्स ह्या रसायनज्ञानें तयार केलें होतें. १८९३ मध्यें फॉन मेरिंग ह्यांनीं तें रोग्यांना देऊन पाहिलें आणि त्यानेंही रक्त बिघडतें असा निर्वाळा दिला. त्यांच्या नमुन्यांत दुसरें विषारी द्रव्य मिसळलेलें असावें, असें आतां मानतात. परंतु मोठ्या वैद्याचा शब्द! पन्नास वर्षें त्या औषधाकडे कोणी वळून पाहिलें नाहीं.

ह्या निवाड्याची किंमत कोणी दिली, हें स्वीडनमधील हुस्कवार्ना गांवांत दिसून येतें. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत तेथील कामगारांना फेनासेटिनयुक्त पूड देण्यांत आली. सांथ ओसरली, पण पुडीची संवय राहिली. कारखान्यांतील वेगाचें काम झेपावें म्हणून माणसें ती रोज घेऊं लागलीं, आणि पुढें कित्येकजण मूत्रपिंडें निकामी होऊन दगावले. अमेरिकेंत फेनासेटिन बंद होण्यास १९८३ साल उजाडावें लागलें.

दरम्यान १९४८-४९ मध्यें न्यूयॉर्क येथें ब्रोडी व अ‍ॅक्सेलरॉड ह्यांनीं दाखवून दिलें कीं, अ‍ॅसिटॅनिलाइड व फेनासेटिन ह्या दोहोंचें शरीरांत पॅरासिटामॉलच बनतें आणि गुण येतो तो मुख्यतः त्याचाच. म्हणजे इतकीं वर्षें रोगी तेंच औषध घेत होते, मात्र विषाची जोड देऊन! १९५५ सालीं अमेरिकेंत व १९५६ सालीं इंग्लंडांत तें विक्रीस आलें.

अ‍ॅस्पिरीनप्रमाणें तें जठराला बोंचत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. परंतु तें निर्धोक आहे हा समज १९६६ सालीं ढळला. अतिरिक्त मात्रेनें यकृताचा नाश झाल्याचें वृत्त त्या वर्षीं ब्रिटनमध्यें प्रसिद्ध झालें. औषधाच्या थोड्या अंशाचें यकृतांत विष बनतें. ग्लुटाथायोन नांवाचें द्रव्य तें निष्प्रभ करतें, पण ह्या द्रव्याचा सांठा संपला कीं यकृताच्या पेशी मरूं लागतात. फसवें असें कीं पहिल्या दिवशीं रोगी बहुधा ठीक दिसतो. खरी हानि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं प्रकट होते. अ‍ॅसिटिलसिस्टीन हा त्यावरील उतारा आठ तासांच्या आंत मिळाल्यास सर्वांत गुणकारी ठरतो. तेव्हां लक्षणांची वाट पाहत घरीं बसणें घातक होय.

निरोगी प्रौढास चोवीस तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही कमाल मर्यादा सांगतात. मद्यप्यांना व यकृताच्या रोग्यांना ती याहून कमी असते, आणि मुलांची मात्रा वजनावरून ठरवितात. गफलत होते ती सर्दीपडशाच्या मिश्र गोळ्यांत. त्यांतही बहुधा हेंच औषध असतें, आणि तापासाठीं वेगळी गोळी घेणाऱ्यास आपण मात्रा दुप्पट केली ह्याचा पत्ताही नसतो. ब्रिटननें तर १९९८ सालीं साध्या दुकानांतील एका पाकिटांत सोळांहून अधिक गोळ्या ठेवण्यास बंदी केली.