जुन्या बाजाराची कुळकथा : म्युनिकच्या डुल्टपासून गार्चिंगपर्यंत

म्युनिकच्या उत्तरेस, इसार नदीच्या डाव्या तीरावर वसलेले गार्चिंग हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शेतकऱ्यांचे खेडे होते. १९५७ मध्ये तेथे जर्मनीतील पहिली संशोधन-अणुभट्टी सुरू झाली. तिच्या घुमटाच्या आकारावरून लोकांनी तिला ‘आटोम-आय’ म्हणजे अणु-अंडे असे नाव दिले आणि पुढे त्या अंड्याला गावाच्या मानचिन्हातही जागा मिळाली. १९६० मध्ये प्लाझ्मा भौतिकीची संस्था स्थापन झाली, १९८० च्या सुमारास युरोपियन दक्षिण वेधशाळेचे मुख्यालय आले, म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाचे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, यंत्र अभियांत्रिकी, गणित व संगणकशास्त्र हे विभाग टप्प्याटप्प्याने येथे हलले. १९९० मध्ये गावाला शहराचा दर्जा मिळाला आणि २००६ मध्ये भुयारी रेल्वेचा सहावा मार्ग थेट संशोधन-परिसरापर्यंत पोहोचला. या स्थित्यंतराने गार्चिंगला अशी वस्ती दिली की तिच्यातील मोठा भाग दोन-चार वर्षांसाठी येतो, संसार मांडतो आणि काम संपले की तो आवरून निघतो. वापरलेल्या वस्तूंचा व्यवहार येथे इतका अंगवळणी का पडला आहे, याचे पहिले कारण या ये-जा करणाऱ्या वस्तीत सापडते.

त्यात जर्मन घरभाड्याच्या रीतीची भर पडते. तेथे भाड्याचे घर बहुधा रिकामे मिळते आणि अनेकदा स्वयंपाकघरात ओटा, कपाटे, शेगडी यांपैकी काहीही नसते, कारण आधीचा भाडेकरू ते सारे स्वतःचे म्हणून घेऊन जातो किंवा येणाऱ्याला विकतो. या विक्रीच्या रकमेला ‘आब्लोझे’ म्हणतात. जाणारा आणि येणारा यांच्यात ठरणाऱ्या या किमतीवर कायद्याचे बंधन आहे : वस्तूच्या खऱ्या मोलाशी ती उघडपणे विसंगत असेल, तर जास्तीच्या रकमेपुरता करार ग्राह्य धरला जात नाही. घर मिळविण्यासाठी अगतिक झालेल्या नवागताच्या गळ्यात मोडके कपाट सोन्याच्या भावाने बांधले जाऊ नये, ही त्यामागची दृष्टी आहे. जुन्या वस्तूची किंमत हाही सार्वजनिक न्यायाचा विषय आहे, ही समजूत बव्हेरियात एकाएकी आलेली नाही. तिची मुळे म्युनिकच्या जत्रेत आहेत.

या जत्रेला ‘डुल्ट’ म्हणतात. मूळ अर्थाने डुल्ट म्हणजे चर्चचा सण. सणाला जमलेल्या गर्दीभोवती विक्रेते जमू लागले आणि तेच नाव बाजाराला चिकटले. आपल्याकडे जत्रा या एकाच शब्दात देवाचा उत्सव आणि त्याभोवतीची दुकाने दोन्ही सामावतात, तसाच हा प्रकार आहे. म्युनिकच्या याकोबी-डुल्टचा, म्हणजे २५ जुलैच्या संत याकोबाच्या सणाच्या जत्रेचा, उल्लेख १३१० पासून मिळतो. ती ‘आंगर’ नावाच्या मोकळ्या जागेवर, आजच्या सांक्ट-याकोब्स-प्लाट्झ या चौकात भरत असे. पुढे १७९६ मध्ये निर्वाचक-राजपुत्र कार्ल थिओडोर याने इसारपलीकडच्या आउ या उपनगराला वर्षातून दोन जत्रा भरविण्याचा अधिकार दिला. आउ तेव्हा म्युनिकच्या हद्दीबाहेरची, कारागीर आणि मजुरांची गरीब वस्ती होती व १८५४ मध्ये ती शहरात सामील झाली. १९०५ पासून ‘आउअर डुल्ट’ मारियाहिल्फ चर्चच्या भोवती वर्षातून तीनदा, मे, जुलै आणि ऑक्टोबर महिन्यांत, प्रत्येक वेळी नऊ दिवस भरते. पाळणे आणि खाद्यपदार्थ तेथे असतातच, परंतु जाणकार मंडळी दोन गोष्टींसाठी जातात : चिनी मातीच्या भांड्यांचा विस्तीर्ण बाजार आणि ‘टांडलर’ लोकांची दुकाने. जुन्या वस्तू विकत घेऊन विकणाऱ्याला बव्हेरिया व ऑस्ट्रियात टांडलर म्हणतात, उत्तर जर्मनीत त्यालाच ट्रोडलर हे नाव आहे.

जुन्या वस्तू जत्रेच्या आश्रयाला का आल्या, याचे उत्तर मध्ययुगीन शहरांच्या अर्थव्यवस्थेत आहे. नवी वस्तू घडविण्याचा आणि विकण्याचा हक्क त्या त्या धंद्याच्या संघाकडे, म्हणजे ‘झुन्फ्ट’कडे असे आणि संघाबाहेरच्या माणसाला शहरात तो धंदा करता येत नसे, जत्रेच्या ठराविक दिवसांत मात्र हे निर्बंध सैल होत आणि बाहेरच्या विक्रेत्यांनाही माल मांडता येई. ज्यांना नव्या वस्तूंचा व्यापार बंद होता, त्यांच्या वाट्याला जुने कपडे, गहाण पडलेल्या चिजा आणि मोडीचा माल हे क्षेत्र उरले. जर्मन भूमीवरील ज्यू समाजाचा या व्यापाराशी जो दीर्घ संबंध आला तो याच कारणाने : बहुतेक झुन्फ्टांची दारे त्यांना बंद होती आणि सावकारी व जुन्या मालाचा व्यापार ही थोडीच क्षेत्रे त्यांना मोकळी होती. तरीही दक्षिणेकडील अप्पर बव्हेरियातून (म्हणजे त्या काळच्या ओबरबायर्न सरदारीतून) १४४२ मध्ये त्यांना हाकलून देण्यात आले.

या कुळकथेतील सर्वांत काळे पान विसाव्या शतकातील आहे आणि ते गाळून जुन्या वस्तूंच्या आवडीविषयी लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २० नोव्हेंबर १९४१ रोजी म्युनिकमधील सुमारे एक हजार ज्यू नागरिकांना रेल्वेने लिथुआनियातील काउनास येथे पाठविण्यात आले आणि तेथे पोहोचल्यावर ठार मारण्यात आले. त्याच महिन्याच्या २५ तारखेला निघालेल्या हुकमाने देशाबाहेर गेलेल्या ज्यूंची सारी मालमत्ता सरकारजमा ठरविली. ‘बाहेर गेलेल्या’ या शब्दांत बळजबरीने नेलेलेही धरले होते. जर्मनीतील शहराशहरांत या घरांमधील पलंग, भांडी, चादरी, पुस्तके यांचे जाहीर लिलाव झाले आणि शेजाऱ्यांनी ती विकत घेतली. त्यामुळे जर्मन बाजारात जुन्या वस्तूची पारख करताना ती आधी कोणाची होती हा प्रश्न केवळ हौसेचा उरत नाही. ज्या आंगरवर १३१० मध्ये डुल्ट भरत होती, त्याच सांक्ट-याकोब्स-प्लाट्झवर ९ नोव्हेंबर २००६ रोजी म्युनिकचे नवे मुख्य सिनेगॉग उघडले आणि पुढच्या वर्षी शेजारी ज्यू संग्रहालय उभे राहिले.

युद्धानंतरच्या काही वर्षांत सगळा देशच जुन्या वस्तूंवर जगत होता. म्युनिकच्या म्योलस्ट्रासे या रस्त्यावर मोठा काळाबाजार चाले आणि घड्याळ, कोट, गालिचा यांच्या बदल्यात लोणी व कॉफी मिळे. जून १९४८ मध्ये नवे चलन आले, दुकाने भरली आणि पुढच्या दोन दशकांच्या भरभराटीत लोकांनी आजी-आजोबांचे लाकडी फर्निचर उत्साहाने घराबाहेर काढले. मोठ्या आकाराचा असा टाकाऊ माल, ज्याला ‘श्पेरम्युल’ म्हणतात, नगरपालिकेने ठरविलेल्या दिवशी रस्त्याकडेला ठेवला जाई आणि गाडी येण्यापूर्वी विद्यार्थी तो उचलून नेत. अनेकांनी मिळून एक घर चालविण्याची जी पद्धत साठच्या दशकाच्या अखेरीस रुजली, तिची पहिली टेबले आणि खुर्च्या बव्हंशी अशाच आल्या. ‘फ्लोमार्क्ट’, म्हणजे शब्दशः पिसवांचा बाजार, याच काळात जर्मनीत स्थिरावला. त्याचे मूळ पॅरिसचे : १८८० च्या दशकात कचऱ्याच्या डब्यांची सक्ती झाल्यावर चिंध्या वेचणारे लोक शहराच्या तटाबाहेर सँत-ऊआँ येथे जमू लागले आणि त्यांच्या मालातील पिसवांवरून त्या बाजाराला हे नाव पडले, असे सांगितले जाते. जर्मनीत हॅनोव्हर शहरात १९६७ मध्ये सुरू झालेला, लाइन नदीकाठचा बाजार या प्रकारातील सर्वांत जुना मानतात. डुल्ट आणि फ्लोमार्क्ट यांतील भेद लक्षात घेण्यासारखा आहे. डुल्टमध्ये विक्रेता व्यावसायिक असतो आणि त्याला वस्तूची जात माहीत असते, तर फ्लोमार्क्टमध्ये घरमालकच आपले कपाट रिकामे करतो व पुष्कळदा आपण काय विकतो आहोत हे त्याला ठाऊक नसते. उत्तम सापड या अज्ञानाच्या फटीतच मिळते.

अशा सापडींमध्ये बव्हेरियात पहिला मान चिनी मातीच्या भांड्यांना द्यावा लागतो. राज्याच्या ईशान्य टोकाला, झेल्ब आणि आर्त्सबेर्ग या गावांच्या परिसरात, एकोणिसाव्या शतकापासून या उद्योगाची दाटी झाली. रोझेन्थाल (१८७९) हे त्यातील सर्वांत गाजलेले नाव. बशी हातात आली की जाणकार प्रथम ती उलटी करतो, कारण तिचा इतिहास तळाशी छापलेला असतो. इंग्लंड आणि अमेरिकेने आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केल्यानंतर, म्हणजे १८९० च्या आसपास, तळावर ‘जर्मनी’ किंवा ‘बव्हेरिया’ ही अक्षरे येऊ लागली, ‘यू.एस. झोन’ असे असेल तर ती बशी १९४५ ते १९४९ या चार वर्षांतील, कारण झेल्ब अमेरिकेच्या ताब्यातील भागात होते; ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर ती त्यानंतरची आणि १९९० पूर्वीची. मग नखाने कडेवर टिचकी मारायची : आवाज खणखणीत आला तर भांडे शाबूत, बद्द आला तर डोळ्यांना न दिसणारी केसासारखी चीर त्यात आहे. शेवटी उजेडासमोर धरायचे. खरे पोर्सेलिन पातळ असेल तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते. हेर्मान ग्रेट्श याने १९३१ मध्ये आर्त्सबेर्गच्या कारखान्यासाठी घडविलेला ‘१३८२’ हा साधा, नक्षीविरहित संच या बाजारात विशेष आवडीने शोधला जातो, आणि त्याचे कारण सौंदर्याइतकेच व्यवहाराचे आहे : तो पूर्ण संच म्हणून न विकता सुटा विकला जाई, म्हणून फुटलेल्या कपाच्या जागी दुसरा कप आणता येई, आणि नव्वद वर्षांनंतर जुन्या बाजारातूनही तो आणता येतो.

मराठी स्वयंपाकाच्या दृष्टीने याहून मोलाची सापड निराळीच आहे. ‘फ्लोटे लोटे’ या लाडक्या नावाने जर्मन घरांत ओळखले जाणारे, सफरचंदाचा गर किंवा उकडलेले टोमॅटो गाळण्याचे हाताचे यंत्र म्हणजे तंतोतंत आपले पुरणयंत्र : तळाला भोकांची जाळी, तिच्यावरून फिरणारे तिरपे पाते, वर मूठ आणि पातेल्यावर टेकायला तीन पाय. फ्रान्समध्ये झाँ मांतले याने १९३२ मध्ये असे स्वस्त यंत्र बाजारात आणले आणि त्यातून मूलिनेक्स ही कंपनी उभी राहिली. जर्मन घरांत आता विजेची यंत्रे आल्यामुळे जुनी पत्र्याची फ्लोटे लोटे फ्लोमार्क्टच्या टेबलांवर किरकोळ किमतीत पडून असतात. विकत घेताना जाळ्या सगळ्या आहेत का, पाते जाळीला घासून फिरते का आणि कल्हई उडून गंज चढला आहे का, एवढे पाहावे. मधल्या किंवा बारीक जाळीवर गरम पुरण सहज उतरते, गार झाल्यावर मात्र तेथेही तेच कष्ट पडतात. जुना प्रेशर कुकर घेताना रबराची रिंग आणि झडप यांचे सुटे भाग अजून मिळतात की नाही हे आधी विचारावे, अन्यथा तो न घेतलेला बरा.

या साऱ्या व्यवहाराला आज कायद्याचे अधिष्ठान आहे. १९७२ च्या जर्मन कायद्याचा हेतू कचऱ्याची विल्हेवाट एवढाच होता. २०१२ च्या कायद्याने पाच पायऱ्यांची उतरंड घातली आणि तिच्यात कचरा टाळणे ही पहिली, वस्तू पुन्हा वापरण्याजोगी करणे ही दुसरी पायरी ठरली, म्हणजे वितळवून नवे बनविण्याच्याही आधी जुने तसेच वापरण्याला स्थान मिळाले. म्युनिक शहराने त्याच्याही आधी, २००१ मध्ये, ‘हाले त्स्वाय’ म्हणजे ‘दोन क्रमांकाचे दालन’ हे जुन्या वस्तूंचे स्वतःचे दुकान उघडले होते. नागरिक ज्या संकलन-केंद्रांवर टाकाऊ वस्तू आणून देतात, तेथील कर्मचारी चांगल्या वस्तू बाजूला काढतात आणि त्या या दालनात विकल्या जातात. शहराची कचरा-व्यवस्था स्वतःच टांडलर झाली, असे याचे वर्णन करता येईल. दुसरीकडे, वसंत ऋतूत थेरेझियनवीझे मैदानावर बव्हेरियन रेडक्रॉस जो विशाल फ्लोमार्क्ट भरविते, त्यासाठी पहाटेपासून रीघ लागते.

महाराष्ट्र आणि गोव्यात या परंपरेची भावंडे आहेत. हणजुण्याचा बुधवारचा बाजार १९७० च्या दशकात परदेशी हिप्पींनी परतीच्या प्रवासासाठी किंवा मुक्काम लांबविण्यासाठी आपले सामान विकण्यातून सुरू झाला. निघून जाणाऱ्या वस्तीतून बाजार जन्मतो, हा गार्चिंगला लागू पडणारा नियम तेथेही दिसतो. पुण्याच्या मंगळवार पेठेतील जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि जुन्या नोटा, पितळी कुलुपे, भिंगे, सुटे भाग यांची पारख असलेले विक्रेते तेथे पिढ्यान्‌पिढ्या बसत आले आहेत. दारोदार फिरणारी बोहारीण तर या कुळातील सर्वांत कुशल व्यक्ती म्हणावी लागेल : जरीचे लुगडे, पँट, पडदा यांचे मोल ती क्षणात हातानेच जोखते, त्या बदल्यात स्टीलचे पातेले देते आणि घासाघीस करता करता घरातील बाईला कपड्याचे आयुष्य किती उरले आहे तेही शिकवून जाते. कायद्याने सांगितलेली दुसरी पायरी ती कायद्याच्या कितीतरी आधीपासून चढत आली आहे.

फरक मानाचा आणि जागेचा आहे. आउच्या जत्रेला १७९६ मध्ये राज्यकर्त्याकडून अधिकारपत्र मिळाले, तिच्यातील टांडलरला ठरलेले मैदान आणि ठरलेले दिवस मिळाले. बोहारणीला मात्र सोसायटीच्या फाटकावर पहारेकरी अडवतो आणि जुन्या बाजारातील विक्रेत्याला उद्या आपली जागा राहील की नाही याची शाश्वती नसते. मराठी शहरांच्या नगरपालिकांनी या विक्रेत्यांना कायमची जागा, पाणी, सावली आणि बाजाराचे निश्चित दिवस द्यावेत, आणि वाचकांनी पुढच्या वेळी बोहारणीची हाक कानी आली की तिला दारात उभे करून घ्यावे.