ध्वनिनमुन्यांचा शोध आणि धनबळ

इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासात यंत्रांच्या प्रगतीचे वर्णन विपुल आढळते. परंतु त्या यंत्रांत घालावयाचा ध्वनी कोठून आणला व त्याचे मोल कोणी दिले, या प्रश्नाचा विचार त्या मानाने थोडाच झाला आहे. पूर्वमुद्रित ध्वनीचा तुकडा घेऊन त्यापासून नवी रचना करावयाची, ही या संगीताची एक प्रमुख रीती होय. या तुकड्यास ‘सँपल’ किंवा नमुना म्हणतात. नमुन्याच्या इतिहासात धनाचे महत्त्व कोणकोणत्या ठिकाणी प्रकट झाले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

आरंभी हे महत्त्व साधनांच्या ठायी होते. १९४८ साली पॅरिसमध्ये पिएर शेफेर याने आगगाड्यांचे आवाज तबकड्यांवर मुद्रित करून त्यांची रचना केली आणि ती त्याच वर्षी फ्रेंच नभोवाणीवरून प्रक्षेपित झाली. हे कार्य सरकारी नभोवाणीच्या आश्रयानेच शक्य झाले. कोलोन येथील नभोवाणीची कार्यशाळा १९५१ साली व बी.बी.सी.ची १९५८ साली निघाली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया-प्रिन्स्टन केंद्रास रॉकफेलर प्रतिष्ठानने १,७५,००० डॉलरांचे अनुदान दिले. संस्थेचा आधार नसलेल्या संगीतकारास या क्षेत्रात प्रवेश जवळजवळ नव्हताच. १९७९ साली सिडनी येथे तयार झालेले ‘फेअरलाइट’ हे यंत्र संस्थेच्या बाहेर पडले खरे, परंतु त्याची किंमत एखाद्या घराच्या किमतीशी तुलना व्हावी इतकी असल्यामुळे ते पीटर गेब्रिएल, स्टीव्ही वंडर यांसारख्या यशस्वी कलावंतांच्याच हाती गेले.

याच सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या दरिद्री भागात निराळीच परंपरा रुजत होती. मूळचा जमेकातील डी.जे. कूल हर्क १९७३ पासून एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती आळीपाळीने वाजवून तिच्यातील केवळ तालाचा भाग लांबवीत असे. जुन्या तबकड्यांचे ढीग उपसून असा भाग हुडकून काढणे, हेच या मंडळींचे भांडवल होते. प्रतिस्पर्ध्यांस नाव कळू नये म्हणून तबकडीवरील कागद भिजवून काढून टाकण्याची त्यांची रीत या ज्ञानाचे मोल दर्शविते. पुढे ‘एस.पी. १२००’ (१९८७) व ‘एम.पी.सी. ६०’ (१९८८) ही तुलनेने स्वस्त यंत्रे आली. पहिल्याची स्मरणशक्ती अवघी दहा सेकंदांची होती. म्हणून तबकडी अधिक गतीने फिरवून नमुना भरावयाचा व मागाहून तो संथ करावयाचा, अशी युक्ती निघाली. काही वर्षे तरी चोखंदळ कानाने पैशाच्या उणिवेवर मात केली, असे म्हणता येईल.

ही स्थिती १९९१ साली पालटली. गिल्बर्ट ओ’सलिव्हन याच्या गीतातील नमुना परवान्यावाचून वापरल्याबद्दल बिझ मार्की या गायकाच्या विरुद्ध न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने निर्णय दिला. नमुन्यासाठी सामान्यतः दोन अनुमती लागतात : एक मूळ संगीतरचनेची व दुसरी विशिष्ट ध्वनिमुद्रणाची. ज्या गीतात वीस तुकडे असतील त्यास तितक्या वाटाघाटी करणे आले. १९८८-८९ मधील पब्लिक एनिमी व डी ला सोल यांच्या दाट नमुन्यांनी विणलेल्या संगीताचे अनुकरण त्यानंतर फार थोड्यांस परवडले. डी ला सोलच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिका नमुन्यांच्या हक्कांच्या गुंत्यामुळे २०२३ पर्यंत इंटरनेटवरील श्रवणसेवांवर येऊ शकल्या नाहीत. संपन्न कलावंत मात्र परवाना विकत घेतो, किंवा वादकांकडून तोच भाग नव्याने वाजवून घेऊन दुसऱ्या अनुमतीची आवश्यकता टाळतो.

या व्यवस्थेने मूळ निर्मात्यास तरी न्याय मिळाला काय? ‘द विन्स्टन्स’ या वृंदाच्या १९६९ मधील ‘आमेन, ब्रदर’ या वादनातील ढोलवादनाचा सुमारे सहा-सात सेकंदांचा तुकडा हजारो गीतांत वापरला गेला. तो वाजविणारा ग्रेगरी कोलमन २००६ साली निर्धन अवस्थेत मरण पावला. वृंदप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यास २०१५ साली चाहत्यांच्या वर्गणीतून सुमारे २४,००० पौंड मिळाले. ते दान होते, हक्काचे मानधन नव्हते. जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’मधील तालाचा वादक क्लाइड स्टबलफील्ड याचे नाव रचनाकारांत नसल्याने त्यासही परवान्याच्या पैशात वाटा नव्हता. कायदा हक्कधारकास ओळखतो. वादक हक्कधारक असतोच असे नाही.

तात्पर्य, धनाचा लाभ प्रथम यंत्रात होता, पुढे तो परवान्यात गेला. यंत्रे आज अल्पमोलात मिळतात, म्हणून या कलेत समता आली असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. कोणता ध्वनी कोणास वापरता येतो आणि त्याचे द्रव्य कोणाकडे जाते, या दोन्ही प्रश्नांचा एकत्र विचार केल्यावाचून या संगीताचा सामाजिक इतिहास पूर्ण होणार नाही.