मिगारमाता विशाखा : दीर्घायुष्य, लोकप्रेम आणि साक्ष

बुद्धकालीन उपासिकांमध्ये विशाखेचे नाव आपल्या विहारांतून वारंवार घेतले जाते. अंगुत्तर निकायाच्या एककनिपातात दान देणाऱ्या उपासिकांत तिला अग्रस्थान दिले आहे. त्यामुळे तिचे स्मरण बहुधा दानापुरतेच होते. पूर्वाराम बांधला, २७ कोटी खर्च केले, एवढे सांगितले म्हणजे विशाखा सांगून झाली, असा आपला समज असतो. परंतु विनयपिटकात जी विशाखा भेटते ती केवळ दानशूर श्रीमंत स्त्री नाही. ती घराघरांत जाणारी, सर्वांना हवीशी वाटणारी आणि जिच्या शब्दावर संघाने आपला नियम उभा केला अशी आजी आहे. तिचे हे रूप अधिक महत्त्वाचे आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम साधनांचा विचार केला पाहिजे. विनयपिटक, निकाय आणि उदान हा प्राचीन थर होय. विशाखेचे सलग चरित्र मात्र धम्मपद-अट्ठकथेत येते आणि ती बुद्धानंतर सुमारे हजार वर्षांनी आजच्या स्वरूपात आली. अट्ठकथेनुसार अंग देशातील भद्दिय नगरीत मेंडक श्रेष्ठीच्या घराण्यात तिचा जन्म झाला. धनंजय हा तिचा पिता व सुमनादेवी ही माता. सातव्या वर्षी तिने तथागतांचा उपदेश ऐकला. पुढे धनंजय साकेतला स्थायिक झाला आणि विशाखेचा विवाह श्रावस्तीच्या मिगार श्रेष्ठीचा पुत्र पुण्णवड्ढन याच्याशी झाला. मिगार नग्न श्रमणांचा अनुयायी होता. सुनेमुळे त्याला धम्म कळला, म्हणून त्याने तिला मातेच्या स्थानी मानले आणि ती ‘मिगारमाता’ झाली, अशी कथा आहे.

हीच अट्ठकथा सांगते की विशाखा १२० वर्षे जगली. तिला १० पुत्र व १० कन्या, त्या प्रत्येकाला २० अपत्ये आणि त्यांनाही तितकीच, असा ८,४२० जणांचा परिवार होता, तरी तिच्या डोक्यावर एकही पांढरा केस नव्हता. मुला-नातवंडांच्या घोळक्यातून ती विहाराकडे निघाली की लोक विचारीत, यांतली विशाखा कोणती? ती चालताना दिसली की आणखी थोडी चालली तर बरे, असे त्यांना वाटे. बसली तर बसलेलीच शोभते, असे वाटे.

हे आकडे इतिहास म्हणून घेता येत नाहीत. १२० वर्षे हा पालि साहित्यात अतिवृद्धत्व सांगण्याचा रूढ आकडा आहे. मज्झिम निकायातील ब्रह्मायु ब्राह्मणाचे वयही तेवढेच दिले आहे. परंतु परंपरेचाच हिशोब धरला तर एक गोष्ट लक्षात येते. सातव्या वर्षी तिची तथागतांशी भेट झाली आणि तथागतांचे धम्मदान ४५ वर्षे चालले. म्हणजे महापरिनिर्वाणसमयी ती फार तर ५२ वर्षांची असणार. उरलेली ६८ वर्षे ती शास्त्याविना जगली, असे ही परंपरा नकळत सांगते. शास्त्याला पाहिलेली, त्यांच्याशी बोललेली एक वृद्धा श्रावस्तीत दोन पिढ्यांना दिसत राहिली, ही कल्पना लोकांना प्रिय वाटली असावी. आकडा खरा नसला तरी त्यामागील प्रेम खरे आहे.

या प्रेमाचा प्राचीन पुरावा विनयपिटकात मिळतो. अनियत नियमांच्या प्रस्तावनेत म्हटले आहे की विशाखेला पुष्कळ पुत्र व नातवंडे होती, ती सर्व निरोगी होती, म्हणून लोक तिला अतिशय मंगल मानीत आणि यज्ञ, सण, उत्सव अशा प्रसंगी पहिले भोजन तिला देत. सुखी कुटुंबातील वृद्धेला मान देण्याची ही लोकरीत आहे. पण विनय तेथे थांबत नाही. अशाच एका निमंत्रणावरून ती एका घरी गेली असता भिक्षू उदायी एका विवाहित तरुणीसह एकांतात, आडोशाच्या आसनावर बसलेला तिला दिसला. तुमच्या मनात काही नसले तरी हे योग्य नव्हे, श्रद्धा नसलेल्या लोकांची खात्री पटविणे कठीण असते, असे तिने त्याला तोंडावर सांगितले. त्याने ऐकले नाही, तेव्हा तिने ते अन्य भिक्षूंना कळविले.

त्यातून नियम झाला. श्रद्धेयवचना, म्हणजे जिच्या शब्दावर विश्वास ठेवावा अशी उपासिका भिक्षूविरुद्ध साक्ष देईल आणि तेथे बसल्याचे तो कबूल करील, तर तो जे मान्य करील त्यानुसार किंवा ती जे सांगेल त्यानुसार त्याच्यावर कारवाई व्हावी. भिक्षूंच्या २२७ नियमांपैकी दोन अनियत नियम अशा गृहिणीच्या साक्षीशी निगडित आहेत. काही शतकांनंतर रचलेल्या मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील दंडक याच्याशी ताडून पाहावा. निर्लोभी पुरुष एक असला तरी साक्षीदार चालतो, परंतु स्त्रिया शुद्ध व अनेक असल्या तरी चालत नाहीत, कारण त्यांची बुद्धी अस्थिर, असे तेथे म्हटले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे ज्या ग्रंथाचे दहन झाले त्याची आणि विनयाची दृष्टी किती भिन्न आहे, हे या एका मुद्द्यावरून स्पष्ट होते.

विशाखेच्या दानामागेही हेच लोकांत वावरणे आहे. महावग्गाच्या चीवरक्खंधकात तिने तथागतांकडे आठ वर मागितले. भिक्षूंना वर्षाशाटिका, येणाऱ्यांना, जाणाऱ्यांना, आजाऱ्यांना व त्यांच्या शुश्रूषकांना भोजन, आजाऱ्यांना औषध, नित्य यवागू आणि भिक्षुणींना स्नानवस्त्र असे ते वर होत. प्रत्येकामागे प्रत्यक्ष अडचण होती. पावसात विवस्त्र न्हाणारे भिक्षू तिच्या दासीला आजीवक वाटले होते. अचिरवती नदीवर स्नान करणाऱ्या भिक्षुणींची गणिकांनी थट्टा केली होती. शुश्रूषक स्वतःच्या भिक्षेसाठी गेला की रुग्णाचे जेवण चुकते, हेही तिने जाणले होते. जिच्याजवळ लोक मन मोकळे करतात तिलाच अशा गोष्टी कळतात. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बिंबिसार, अनाथपिंडिक, जीवक व आम्रपाली यांच्या पंक्तीस विशाखेच्या औदार्याला स्थान दिले आहे, ते सार्थ होय.

तिने बांधलेल्या मिगारमाता प्रासादाचे मोलही कोटींच्या हिशोबाने ठरत नाही. दीघ निकायातील अग्गञ्ञ सुत्त, ज्यात वासेट्ठ व भारद्वाज यांच्यापुढे ब्राह्मणश्रेष्ठत्वाचा दावा खोडून काढला आहे, ते याच वास्तूत उपदेशिले गेले. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी आलेल्या फाहियानने विशाखेच्या या विहाराची नोंद केली आहे.

ज्या निरोगी नातवंडांमुळे लोक तिला मंगल मानीत, त्यांपैकीच एक लाडकी नात वारली. उदानात ती भर दुपारी ओल्या वस्त्रांनी, ओल्या केसांनी तथागतांकडे आलेली दिसते. श्रावस्तीत जितकी माणसे तितकी मुले-नातवंडे तुला हवीत काय, असे त्यांनी विचारले. ती होय म्हणाली. मग रोज किती माणसे मरतात, हा प्रश्न आला आणि आपले वस्त्र कधीच कोरडे राहणार नाही, हे तिने स्वतःच्या तोंडाने मान्य केले. जितके प्रियजन तितके दुःख, हा उपदेश तेथे आहे. येथे शकुनाची समजूत गळून पडते. तरीही तिने घरोघरी जाणे सोडल्याचे कोठेही लिहिलेले नाही.

१९५६ साली नागपुरात ज्यांनी तरुणपणी धम्मदीक्षा घेतली, त्या माता आज अतिवृद्ध आहेत आणि एकेक करून आपल्यातून जात आहेत. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या सभेत मुले किती, नातवंडे किती, विहाराला दान किती, हे आपण आवर्जून सांगतो. विनयाचे संकलक याहून पुढे गेले. विशाखेने काय पाहिले, कोणाला काय सुनावले आणि तिच्या शब्दामुळे कोणता नियम झाला, हे त्यांनी जपले. आपल्या वस्तीतील विशाखांचे शब्द त्यांच्या हयातीतच लिहून घेणे, हे प्रत्येक विहाराने आपले कर्तव्य मानावे.