तोफेच्या आवाजाआड

२० ऑगस्ट २००५ च्या रात्री अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, वुडी क्रीक इथे, हंटर एस. थॉम्पसन या लेखकाची रक्षा तोफेतून आकाशात उडवली गेली. तोफेसाठी १५३ फूट उंच मनोरा उभारला होता, त्याच्या टोकाला बंद मूठ. खर्च जॉनी डेपने केला. १९९८ च्या सिनेमात थॉम्पसनवर बेतलेली भूमिका त्यानेच केली होती. बरोबर सहा महिने आधी, २० फेब्रुवारीला, थॉम्पसनने तिथल्याच आपल्या घरात आत्महत्या केली होती. वय ६७.

त्याच्याबद्दल बोलताना लोक आधी ही तोफ सांगतात आणि मग म्हणतात, ‘जगला तसाच गेला.’ या वाक्याशी माझं भांडण आहे.

थॉम्पसन ‘गोंझो’ पत्रकारितेचा जनक. बातमीदाराने बाजूला उभं न राहता स्वतःच बातमीतलं पात्र व्हायचं, अशी ही शैली. १९७० मध्ये केंटकी डर्बी या घोड्यांच्या शर्यतीवरचा लेख वेळेत जमेना, तेव्हा त्याने वहीची पानं फाडून तशीच छापायला पाठवली, असं तो सांगायचा. त्याच वर्षी तो ॲस्पेन भागात शेरीफच्या निवडणुकीला उभा राहिला. विरोधकाचे केस बारीक कापलेले होते. थॉम्पसनने स्वतःचं डोकं तुळतुळीत भादरलं आणि त्याला ‘माझे लांब केसवाले प्रतिस्पर्धी’ म्हणायला सुरुवात केली. हसू येतं, पण त्याच्या जाहीरनाम्यात जमिनी गिळणाऱ्या बिल्डरांना आवर घालण्याची गोष्टही होती. तो हरला.

किस्से लक्षात राहतात, काम मागे पडतं. ‘फिअर अँड लोदिंग इन लास व्हेगास’ म्हटलं की वाचकाला आठवतात ती ड्रग्ज. त्या प्रवासाचं मूळ मात्र वेगळं होतं. ऑगस्ट १९७० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रूबेन सालाझार हा मेक्सिकन वंशाचा पत्रकार शेरीफच्या माणसाने डागलेल्या अश्रुधुराच्या नळकांड्याने मारला गेला. थॉम्पसन त्यावर लिहीत होता. ऑस्कर अकोस्टा हा वकील त्याचा मित्र आणि माहीतगार. पण अकोस्टाभोवती सतत कार्यकर्ते असत, मोकळेपणाने बोलता येईना, म्हणून दोघं व्हेगासला गेले. सालाझारवरचा लेख १९७१ मध्ये ‘रोलिंग स्टोन’मध्ये आला. तो आज किती जण वाचतात? आणि हाच थॉम्पसन तरुणपणी ‘द ग्रेट गॅट्सबी’ची पानं टाइप करून काढायचा, वाक्याची लय हातात बसावी म्हणून. बेफिकीर माणूस असा रियाज करत नाही.

दंतकथेचा हा वेढा त्याला स्वतःलाही जाणवत होता. १९७८ च्या बीबीसीच्या माहितीपटात तो म्हणतो की, कार्यक्रमाला बोलावणाऱ्यांना थॉम्पसन हवा असतो की त्याने रंगवलेलं पात्र, हेच त्याला कळत नाही. त्याच माहितीपटात तो आपल्या अंत्यसंस्काराच्या तोफेचा आराखडाही ठरवतो. तेव्हा तो चाळिशीत होता; तोफ हा त्या पात्राचा विनोद होता. सत्तावीस वर्षांनी लोकांनी त्या विनोदालाच त्याच्या मरणाचा अर्थ ठरवलं.

शेवटच्या वर्षांतला माणूस वेगळा होता. खुब्याचा सांधा बदललेला, मणक्याची शस्त्रक्रिया झालेली, पाय मोडलेला, दुखणं सततचं. त्या दिवशी मुलगा, सून आणि लहान नातू घरातच होते. त्यांच्या वाट्याला काय आलं असेल, ते ‘जगला तसाच गेला’ या वाक्यात कुठेच मावत नाही. आत्महत्या कुणाच्या शैलीचा शेवटचा परिच्छेद नसते. तसं म्हटलं की दुखणं आणि नैराश्य दिसेनासं होतं, आणि ‘हा असाच जाणार’ म्हणून आपण मोकळे होतो. जिवंत माणसांबाबतही आपण हेच करतो. मित्रांतल्या अवलिया माणसाला ‘बरा आहेस ना?’ असं सहसा कुणी विचारत नाही.

थॉम्पसन वाचायचा असेल तर सुरुवात सालाझारवरच्या लेखापासून करा. व्हेगास नंतर. तोफ नाही पाहिली तरी चालेल.