तंतुवाद्यांचे घरगुती ध्वनिमुद्रण

स्टुडिओ भाड्याने न घेता राहत्या घरी तारेचे वाद्य ध्वनिमुद्रित करणे. माइक लावायचा की पिकअपमधून थेट लीड जोडायची, हा यातला पहिला प्रश्न. त्याचे उत्तर बहुतेक जण उपकरणांच्या किमतीत शोधतात; खरे तर ते वाद्याचा नाद कुठे पुरा होतो यावर अवलंबून असते. सांगली जिल्ह्यातील मिरजेचा तंबोरा आणि इलेक्ट्रिक गिटार ही याची दोन टोके होत.

मिरजेत तंबोरे-सतारी घडवण्याचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आला आहे. शस्त्रे बनवणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेब यांच्याकडे त्याचे मूळ दिले जाते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याचा नाद घोडी, तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) आणि भोपळा मिळून तयार करतात. छेडलेली तार घोडीच्या किंचित उतरत्या पाठीला चाटत राहते. तारेखाली सरकवलेल्या सुती दोऱ्याने जवारी, म्हणजे तारेची झणझणती गुंज, खुलते. दोरा केसभर हलला तरी आवाज बदलतो, म्हणून ध्वनिमुद्रणाआधी हेडफोन लावूनच तो बसवावा.

गिटारचा चुंबकीय पिकअप तंबोऱ्याला लावण्याचा मोह निरुपयोगी ठरतो. तो लोखंडी तारांचेच कंपन टिपतो, आणि खर्जाची तार पितळी! षड्जाच्या जोडतारा उमटतात, खर्ज जवळजवळ गायब होतो. तबलीला चिकटवायचा पिएझो पिकअप चारही तारा पकडतो, पण भोपळ्याची गोलाई त्यात येत नाही. तंबोऱ्याला कंडेन्सर माइकच हवा: तबलीसमोर फूट-दीड फुटावर, घोडीकडे थोडा कललेला. आवाज मुळात हळू असल्याने गेन वाढवावा लागतो, आणि मग पंखा, कुकरची शिट्टी, शेजारचा टीव्ही सगळेच हजेरी लावतात.

इलेक्ट्रिक गिटारचे गणित उलटे आहे. तिचे भरीव लाकूड स्वतः फारसे बोलत नाही. नाद पुरा होतो तो ॲम्प व त्याच्या स्पीकरमध्ये. त्यामुळे स्पीकरसमोर माइक धरणे हा जुना मार्ग. त्यासाठी शूर कंपनीचा १९६५ पासून मिळणारा एसएम५७ सर्वत्र वापरतात. तो शंकूच्या मध्यावर धरला तर आवाज तीक्ष्ण येतो, कडेला सरकवला की मऊ होतो. पण व्हॉल्व्हचा ॲम्प मोठ्या आवाजावर खुलतो, आणि चाळीत किंवा फ्लॅटमध्ये ते कोण सहन करणार? म्हणून घरी गिटार थेट ऑडिओ इंटरफेसला जोडून ॲम्प व स्पीकरचे काम सॉफ्टवेअरकडे सोपवणेच व्यवहार्य. लीड मात्र इंटरफेसच्या गिटारसाठीच्या, साधारण दहा लाख ओहम रोधाच्या इनपुटमध्ये घालावी. कमी रोधाच्या लाइन-इनमध्ये वरचे स्वर बोथट होतात. परिणाम न चढवलेला कोरा सिग्नल जपून ठेवला तर वाजवणे पुन्हा न करता ॲम्प नंतर बदलता येतो. ही सोय तंबोऱ्याला नाही. तिथे खोलीही मुद्रित होते.

थेट जोडणीत बाहेरचा गोंगाट शिरत नाही, पण विजेची घुरघुर शिरते. घरातील पुरवठा ५० हर्ट्झचा; एका वेटोळ्याचा पिकअप ती घुरघुर आणि तिचे वरचे स्वर ओढून घेतो. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास तयार केलेल्या हमबकर पिकअपमध्ये दोन वेटोळी एकमेकांविरुद्ध जोडलेली असल्याने घुरघुर कटते, तारेचा सिग्नल टिकतो. घरच्या अर्थिंगची खात्री नसेल तर लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावा.

दोन्ही वाद्यांसाठी २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल पुरते. कमी बिटरेटच्या एमपी३मध्ये गिटार तग धरते. तंबोऱ्याची जवारी मात्र वरच्या स्वरांवरच उभी असल्याने आधी तीच विटते.