टपालाची तूट कोणाच्या खाती?

भारतातल्या टपालखात्याच्या तुटीचा विचार 1854 सालापासून करावा लागतो. त्या वर्षीच्या टपाल कायद्यानुसार 1 ऑक्टोबरपासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला देशभर एकच दर लागू झाला: अर्धा आणा. पत्र मुंबईहून ठाण्याला जावो की पेशावरला, दाम तेच. त्याआधी दर अंतरावर ठरत. ईस्ट इंडिया कंपनीचे टपाल मुळात तिच्या स्वतःच्या कागदपत्रांसाठी होते. वॉरन हेस्टिंग्जने 1774 साली ते लोकांसाठी खुले केले, तेव्हा दर शंभर मैलांना दोन आणे पडत. 1837 च्या कायद्याने खासगी टपालवाहतुकीला बंदी घालून सरकारची मक्तेदारी कायम केली. पण तोळाभर वजनाचे पत्र कलकत्त्याहून मुंबईला धाडायला एक रुपया लागे. त्या काळात मजुराला तेवढ्यासाठी कित्येक दिवस राबावे लागे. साहजिकच टपाल हे साहेबांचे, सावकारांचे आणि पेढ्यांचे साधन राहिले.

रोलंड हिलच्या टपालसुधारणेनंतर 1840 मध्ये इंग्लंडात पेनी टपाल सुरू झाले होते. त्याचे अनुकरण गव्हर्नर जनरल डलहौसीच्या कारकिर्दीत भारतात झाले, तेव्हा टपाल हे महसूल काढण्याचे साधन नाही, खर्च भागला की पुरे, असे धोरण ठरले. एकच दर म्हणजे जवळच्या पत्राने लांबच्या पत्राचा आणि शहराच्या थैलीने आडगावच्या थैलीचा खर्च उचलायचा. त्यासाठी मक्तेदारी हवीच. ती नसेल तर सोप्या, भरगच्च वाटा खासगी माणूस घेणार आणि डोंगरातला हरकारा तेवढा सरकारच्या पदरी राहणार. पुढच्या दीडशे वर्षांतले टपालाचे बहुतेक सगळे वाद याच एका मांडणीतून निघाले.

पुढच्या तीन दशकांत खात्याने नवनवी कामे अंगावर घेतली. 1877 मध्ये व्ही.पी. (पोस्टमनकडे किंमत भरून पार्सल सोडवण्याची सोय), 1879 मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड, 1880 मध्ये मनीऑर्डर, 1882 मध्ये बचत बँक, 1884 मध्ये विमा. पुढे बंगालच्या पोस्टांत हिवतापावरच्या क्विनाइनच्या पुड्याही विकायला आल्या. यातल्या मनीऑर्डरने कोकणचे अर्थकारणच बदलून टाकले. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत राबणाऱ्या चाकरमान्याचा पगार रत्नागिरीच्या खेड्यांत पोस्टमनच्या हातून पोचू लागला, आणि रत्नागिरी हा मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा म्हणून ओळखला गेला. सावकाराच्या हुंडीला गावपातळीवर असा पर्याय दुसऱ्या कोणी दिला नव्हता.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारी तिजोरी तुटीत गेली आणि टपालातून पैसा न काढण्याचे धोरण डळमळले. 1922 साली पोस्टकार्ड पाव आण्यावरून अर्ध्या आण्यावर गेले, पत्राचा दरही दुप्पट झाला. पाठोपाठ लॉर्ड इंचकेप यांच्या काटकसर समितीच्या सल्ल्यानुसार खात्याचे हिशेब व्यापारी पद्धतीने ठेवायला सुरुवात झाली. त्यातून खाते नफ्यात चालते की तोट्यात, हा प्रश्न दरवर्षी विचारता येऊ लागला. अंदाजपत्रक आले की मध्यवर्ती विधिमंडळातले हिंदी सभासद पोस्टकार्डाच्या दरावर सरकारला धारेवर धरत. मिठावरच्या कराइतकाच हा दर घराघराला भिडणारा असल्यामुळे सरकारची पंचाईत होई. दुसरीकडे युद्धकाळच्या महागाईने खालच्या श्रेणीतले कर्मचारी पिचले होते. 11 जुलै 1946 रोजी सुरू झालेला त्यांचा संप देशभर पसरला आणि कलकत्त्यात व मुंबईत त्याच्या पाठिंब्यासाठी हरताळ झाले. स्वस्त टपालाची किंमत ग्राहकाने दिली नाही तर ती कर्मचाऱ्याच्या पगारातून वसूल होते, हे त्या संपाने उघड केले.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात सुमारे 23 हजार पोस्टे होती, तीही मुख्यतः शहरांत. आज ती 1 लाख 64 हजारांच्या वर आहेत आणि दहातली नऊ खेड्यांत आहेत. हा विस्तार तोटा गृहीत धरूनच झाला. खेड्यात नवे पोस्ट उघडताना खर्चाच्या एक तृतीयांश उत्पन्नाची अपेक्षा असली तरी मंजुरी मिळे. डोंगराळ आणि आदिवासी भागात तर 15 टक्के पुरत. उरलेला भार सरकारने उचलायचा. आपल्या मतदारसंघात पोस्ट आणणे ही खासदाराची कमाई ठरली, आणि उघडलेले पोस्ट बंद करण्याची हिंमत सहसा कोणी केली नाही.

एवढा पसारा निभावण्यासाठी खात्याने एक जुनी युक्ती वापरली. गावातल्या शिक्षकाला, दुकानदाराला किंवा शेतकऱ्याला दिवसातले काही तास पोस्ट चालवायला द्यायचे, आणि जागा त्याच्याच घराची ओटी. खात्याच्या भाषेत हा ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल’ नोकर, बोलीत ई.डी.; आता ग्रामीण डाक सेवक. काम खात्याचे, पण पगाराऐवजी भत्ता आणि नियमित पेन्शन नाही. अशांची संख्या अडीच लाखांहून अधिक आहे. त्यांच्या स्थितीवर एकामागून एक समित्या बसल्या. कमलेश चंद्र समितीचा अहवाल 2016 मध्ये आला आणि त्यावर निर्णय व्हायला 2018 च्या मे-जूनमधला दोन आठवड्यांहून लांबलेला संप लागला. टपालाच्या तुटीबद्दल बोलताना हा अडीच लाखांचा आकडा कोणी धरत नाही, पण या माणसांना पूर्ण पगार दिला असता तर तूट कितीतरी आधी डोईजड झाली असती.

माणसे वाढवण्याऐवजी काम सोपे करण्याचाही एक प्रयत्न झाला, आणि तो एका मराठी अधिकाऱ्याचा. संस्कृत पंडित म्हणूनही ख्याती असलेल्या श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली सहा आकडी पिनकोड पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी लागू झाली.

दर ठरवण्याचा अधिकार मात्र खात्याकडे नव्हताच. 1898 च्या कायद्याच्या परिशिष्टात पत्र, पोस्टकार्ड, बुकपोस्ट, नोंदणीकृत वृत्तपत्रे यांचे दर छापलेले असत; ते बदलायचे तर संसदेची मंजुरी लागे, आणि ती बहुधा वित्त विधेयकातून घेतली जाई. म्हणजे दोन-पाच पैशांची वाढदेखील अर्थमंत्र्याला भर सभागृहात मांडावी लागे. पोस्टकार्ड हे गरिबाचे पत्र, या घोषणेपुढे कोणाचे चालले नाही. वर्षानुवर्षे 15 पैशांवर असलेले कार्ड 1997 मध्ये 25 पैशांवर आणि 2001 मध्ये 50 पैशांवर आले; तेही तिथेच थांबले. 2018 च्या सुमारास एका कार्डामागे खात्याला 12 रुपयांहून अधिक खर्च येत होता. सवलतीचा फायदा गरिबालाच होत होता असेही नाही. दूरदर्शनवरच्या ‘सुरभि’सारख्या कार्यक्रमांची कोडी सोडवणाऱ्या कार्डांचे ढीग पडू लागले, तेव्हा खात्याला स्पर्धेसाठी वेगळे, महाग कार्ड काढावे लागले. वृत्तपत्रांना मिळणारी सवलत तर त्याहून नाजूक. टपालखात्याच्या अकार्यक्षमतेवर अग्रलेख लिहिणारे अंकही काही पैशांच्या तिकिटावर वर्गणीदारांच्या दारी पोचत.

इतकी वर्षे ही तूट फारशी टोचली नाही, याचे कारण टेलिफोन. पोस्ट आणि तार हे एकच खाते होते आणि दूरध्वनीच्या उत्पन्नाची ऊब टपालाला मिळत होती. जानेवारी 1985 मध्ये राजीव गांधी सरकारने दोन्ही खाती वेगळी केली. दूरसंचारच्या वाढीसाठी ते आवश्यक असेलही, पण कमावता भाऊ वेगळा निघाल्यावर म्हाताऱ्यांना कोणी सांभाळायचे, हे वाटणीपत्रात लिहिलेले नव्हते. नेमक्या त्याच दशकात कुरियर कंपन्या फोफावल्या. पत्रांची मक्तेदारी कायद्यात सरकारचीच होती. पण कुरियरवाले पाकिटाला पत्र न म्हणता ‘डॉक्युमेंट’ म्हणत आणि काम चालू राही. 1 ऑगस्ट 1986 रोजी खात्याने स्पीड पोस्ट काढून उत्तर दिले. तोवर मुंबई-पुणे, मुंबई-अहमदाबाद अशा फायद्याच्या वाटांवरची बँकांची आणि कंपन्यांची पाकिटे हातची निसटू लागली होती. ठरावीक वजनाखालची पत्रे खात्यासाठी राखून ठेवण्याचा प्रस्ताव 2006 मध्ये पुढे आला, पण कुरियर व्यवसायाच्या विरोधामुळे तो बारगळला.

टेलिफोननंतर टपालाचा आधार बनली ती अल्पबचत. पोस्टात ठेवलेला पैसा खात्याचा नसतो. तो केंद्राच्या अल्पबचत निधीत जातो आणि सरकार त्यातून कर्ज घेते. खाती सांभाळण्याबद्दल अर्थमंत्रालय टपालखात्याला दर खात्यामागे ठरावीक मेहनताना देते, आणि खात्याच्या उत्पन्नाचा तो सर्वांत मोठा भाग झाला आहे. हा मेहनताना किती असावा हेही अर्थमंत्रालयच ठरवते. त्यामुळे टपालाची तूट किती दिसावी, हे बऱ्याच अंशी दिल्लीतल्या दोन कार्यालयांमधल्या देवघेवीवर अवलंबून असते.

पत्रांची जागा आधी एसटीडीने आणि मग मोबाइलने घेतली. गिरणी संपानंतर मुंबईतला चाकरमानी विखुरला, बँका खेड्यांत पोचल्या आणि मनीऑर्डरचा ओघ आटला. खर्च मात्र चढत गेला. खर्चातला बहुतांश भाग पगार आणि पेन्शन यांचा असल्यामुळे सातव्या वेतन आयोगाचा बोजा थेट तुटीवर पडला. 2018-19 मध्ये ती 15,000 कोटी रुपयांच्या घरात गेली. 2017 पासून पोस्टातली पासपोर्ट केंद्रे, 2018 पासून पेमेंट्स बँक हे नवे उद्योग त्याच काळातले.

डिसेंबर 2023 मध्ये संसदेने नवा पोस्ट ऑफिस कायदा मंजूर केला आणि 18 जून 2024 पासून तो अमलात आला. 1898 चा कायदा रद्द झाला, पत्रांवरची सरकारची मक्तेदारी संपली. टपालतिकिटे काढण्याचा हक्क तेवढा खात्याकडे राहिला. विधेयकावरच्या चर्चेत विरोधकांचा भर पाकिटे अडवून उघडण्याच्या सरकारी अधिकारावर होता. टपालाच्या पैशांचा प्रश्न त्यामानाने मागे पडला. दर ठरवण्याचा अधिकार मात्र या कायद्याने टपाल महासंचालकांकडे सोपवला. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. कोर्टाच्या नोटिसा, नेमणुकीची पत्रे आणि एलआयसीची कागदपत्रे आता त्याच वाटेने जातात.